कमरेला बांधायची हँड्सफ्री लीश: पिल्लू, पळणं आणि घर, दहा महिने वापरून

दहा महिने झाले ही लीश रोज वापरतेय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. म्हणजे ती कमरेला बेल्ट बांधायचा, बेल्टला पुढे रिंग, रिंगेत इलॅस्टिकवाली लीश अडकवायची आणि दुसऱ्या टोकाला आपलं कुत्रं, आपले दोन्ही हात मोकळे, ती. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण हुबेहूब हेच डिझाइन बऱ्याच नावांनी मिळतं आणि मला बोलायचंय ते या प्रकाराबद्दल. पाकिटावर एक बाई पळतेय आणि शेजारी कुत्रा पळतोय असा फोटो आहे, तो बघूनच मी घेतली होती, तर तुमच्याकडे पिल्लू असेल तर त्या फोटोतली गोष्ट निदान पहिलं वर्षभर करायची नाही हे आधीच सांगते. तरीही मी पाचपैकी चार स्टार देतेय, आणि ते पळण्यासाठी नाही, पळणं सोडून बाकी सगळ्यासाठी.

घरात मी, नवरा, नऊ वर्षांची लेक, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, ज्यांचे गुडघे दुखतात. आठवड्यातून चार दिवस पाच किलोमीटर पळणं आणि दोन दिवस डंबेल हे माझं सहा वर्षं चालू होतं, मुलाच्या वेळचा गॅप सोडला तर. वजनासाठी वगैरे नाही, पण पळाले नाही की माझी झोप बिघडते आणि झोप बिघडली की मी मुलांवर उगाच ओरडते, हे घरात सगळ्यांना माहितीये त्यामुळे माझ्या पळण्याची काळजी सगळेच घेतात. मग भुरी आली. आठ आठवड्यांची, लॅब्राडॉर मिक्स, गोल पोट, जाडजूड पाय. पहिले तीन आठवडे माझा व्यायाम शून्य. रात्री दोनला एकदा आणि पाचला एकदा तिला शूला न्यायचं, सकाळी पळायला निघावं तर ही दारात ओरडणार, तिच्या आवाजाने मुलगा उठणार, मुलगा उठला की सासूबाई उठणार, म्हणजे मी बूट घालेपर्यंत अख्खं घर जागं. तेव्हा ही लीश मागवली. डोक्यात एकच होतं की हिला बरोबर घेऊनच पळू, दोन्ही कामं एका वेळी होतील.

पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना सहज विचारलं, कधीपासून पळवू हिला? त्यांनी भुरीचा पुढचा पाय हातात घेतला आणि मनगटापाशी जाडसर गाठीसारखं लागतं ना, तिथे माझं बोट ठेवलं. तिथे आत ग्रोथ प्लेट असते, म्हणजे हाडाच्या टोकाला मऊ कूर्चेचा थर, हाड लांबीला वाढतं ते तिथून. वाढ संपली की तो थर पक्का हाड होतो. छोट्या जातींचं हे साधारण वर्षाच्या आत उरकतं, लॅबसारख्या मोठ्या कुत्र्यांना 12 ते 18 महिने लागतात, एकदम अवाढव्य जातींना त्याहून जास्त. तोवर तो भाग कच्चाच आणि तिथे जबर इजा झाली तर पाय वाकडाही वाढू शकतो. मी म्हटलं पण ही घरात दिवसभर पळतेच की. तर ते म्हणाले ती स्वतः पळते तेव्हा तिला वाटेल तिथे थांबते, वळते, बसते, आडवी होते. कडक रस्त्यावर एकाच स्पीडने माणसामागे पळताना ती थांबत नाही, दमली तरी येत राहते, कारण तिला आपल्यासोबत राहायचं असतं. हे ऐकून मला खरंच कसंतरी झालं, कारण दुसऱ्याच दिवशी सकाळी तिला घेऊन निघायचा माझा प्लॅन होता.

मग लीश आठवडाभर तशीच पडून होती. परत पाठवायच्या विचारात होते. ती उपयोगाला आली ती घरात, आणि रिव्ह्यू मुख्य यासाठी लिहितेय कारण पाकिटावर याचा एका ओळीत पण उल्लेख नाही.

झालं असं की भुरी नजरेआड झाली की कुठेतरी शू करून यायची. मी एका हाताने मुलाचे मोजे शोधतेय, दुसऱ्या हाताने लेकीची बॅग, आणि तेवढ्यात सोफ्यामागे डबकं. पिल्लाच्या वयाचे जितके महिने त्यात एक मिळवायचा, फार फार तर तितके तास ते दिवसा शू धरू शकतं असा एक अंदाज सांगतात, म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला जास्तीत जास्त तीन, आणि तेही शांत असताना. खेळून झालं, झोपून उठलं, खाल्लं की लगेच न्यायला लागतं. तर मी काय केलं, बेल्ट कमरेला बांधला, त्याच्या रिंगेत साधी पातळ लीश लावली आणि जागी असताना तिला माझ्याच बरोबर ठेवायला लागले. मी कपडे घडी घालतेय तर ती पायाशी, मी मुलाचा अभ्यास घेतेय तर ती खुर्चीखाली. ती जमीन हुंगत गोल फिरायला लागली की मला कमरेला ओढ लागते आणि मी उठते. बास, एवढंच. दोन आठवड्यांत घरातली डबकी दिवसाला पाचसहावरून एखाद्यावर आली. चप्पल चावणं, वायर चावणं पण आपोआप कमी, कारण ती माझ्यापासून चार फुटांच्या पलीकडे जाऊच शकत नव्हती. हात मोकळे असल्यामुळे घरातली कामं थांबली नाहीत. जिना चढउतर करताना, गॅसजवळ उभी असताना आणि मुलाला उचलून घेतलेलं असताना मात्र मी तिला सोडवून प्लेपेनमध्ये, म्हणजे पिल्लासाठीच्या छोट्या कुंपणात, ठेवायचे, ते फार महत्त्वाचं आहे, पायात लीश आली तर सगळेच पडतील. आणि एकटं असताना पिल्लाच्या अंगावर लीश ठेवायची नाही, कुठे अडकली तर कळणारपण नाही.

व्यायाम करताना ती कमरेला बांधून चालेल का हे पण बघितलं. नाही चालत. स्क्वॉटला खाली गेले की नाक चाटणार, प्लँकला केस ओढणार, आणि हातात डंबेल असताना खाली पिल्लू असणं मला मान्यच नाही. त्यात दात येण्याचा काळ. पिल्लाचे दुधाचे 28 दात असतात, साडेतीन चार महिन्यांपासून ते पडायला लागतात आणि सहासात महिन्यांपर्यंत पक्के 42 येतात, तोवर हिरड्या शिवशिवतात आणि समोर येईल ते चावलं जातं. माझे दोन रेझिस्टन्स बँड, म्हणजे व्यायामाचे रबरी पट्टे, त्यात गेले. रबराचा तुकडा पोटात गेला असता तर ऑपरेशनची वेळ आली असती म्हणून नंतर बँड कपाटातच.

खरी वाट सापडली ती झोपेत. पिल्लू 24 तासांत 18 ते 20 तास झोपतं हे मला माहितीच नव्हतं. आमच्याकडे ती झोपली की मुलगा जाऊन हात लावायचा, ती उठायची, खेळायची, मग दमून वेड्यासारखी चावत सुटायची आणि आम्हाला वाटायचं हिला अजून खेळवायला पाहिजे. तिला खेळ नको होता, झोप हवी होती. लहान बाळाचंच सगळं. मग लेकीने कागदावर मोठ्या अक्षरात ‘भुरी झोपलीये’ लिहून प्लेपेनला चिकटवलं आणि कागद उलटा होईपर्यंत कोणी जायचं नाही असा नियम केला, आणि नियम तिचा असल्यामुळे भावाला तीच आवरायची, मला बोलावं लागलं नाही. साधारण एक तास जागी, दोन तास झोप असं बसलं. त्या दोन तासातली बारा पंधरा मिनिटं माझी. सकाळी एक तुकडा, संध्याकाळी एक.

आधी मला वाटायचं की बारा मिनिटांचा व्यायाम म्हणजे व्यायामच नाही. तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या गाइडलाइन्स आहेत, त्यात मोठ्या माणसांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं चांगला दमवणारा व्यायाम करायचा आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करायचा असं आहे. त्यांच्याच 2010 च्या गाइडलाइन्समध्ये सलग 10 मिनिटं तरी झाली पाहिजेत अशी अट होती, ती 2020 मध्ये काढून टाकली. म्हणजे छोटे तुकडे पण मोजले जातात. हे वाचून मला जो हुरूप आला ना, ते शब्दात सांगता येणार नाही. घरात बाळ, पिल्लू, आजारी माणूस असलेल्या कुठल्याही बाईला हे आधी कोणीतरी सांगायला पाहिजे. मी फ्रिजवर कागद लावला आणि प्रत्येक तुकड्याची मिनिटं लिहायला लागले. दुसऱ्या महिन्यात आठवड्याला 140, तिसऱ्यात 170, तेही न पळता.

या सगळ्यात लसींचा काळ येतो. मुख्य लसींचे डोस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, मग दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि शेवटचा 16 आठवड्यांच्या आसपास किंवा नंतर. तोवर जिथे बाकी कुत्री फिरतात त्या जमिनीवर तिला सोडायचं नाही असं आम्हाला सांगितलं होतं, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबाच्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. पण त्याच काळात, म्हणजे तीन ते साधारण चौदा आठवडे, पिल्लाचं मन जग शिकत असतं, तेव्हा घरात कोंडून ठेवलं तर मोठेपणी गाड्या, छत्र्या, अनोळखी माणसं सगळ्याला घाबरतं. म्हणून मी तिला पुढे छातीशी कापडी पिशवीत घेऊन चालायचे. बेल्ट कमरेला, लीश तिच्या हार्नेसला (छातीभोवती घालायचे पट्टे), म्हणजे तिने उडी मारलीच तर खाली पडून पळून जाणार नाही. पाच सहा किलो पुढे घेऊन वीस मिनिटं भरभर चालून बघा, पाठ पोट मांड्या सगळं कामाला लागतं. ती डोळे मोठे करून बस बघायची, शाळेची मुलं बघायची, आणि मी घामाघूम. माझ्या आयुष्यातले सगळ्यात आवडते वर्कआउट ते आहेत.

आता प्रॉडक्टबद्दल नीट.

बेल्ट साधारण चार बोटं रुंद, आतून जाळीचा पॅड, पुढे क्लिकचं बकल. कमरेचा घेर बराच कमीजास्त होतो, माझ्यानंतर नवरा बांधतो आणि दहा सेकंदात अॅडजस्ट होतो, हे आमच्यासाठी फार सोयीचं आहे कारण सकाळी अदलाबदल असते, पुढे सांगते. लीश इलॅस्टिकची, न ताणता 1.2 मीटर, ताणली की पावणेदोनच्या आसपास. कुत्र्याच्या बाजूला एक छोटी मूठ शिवलेली आहे, समोरून गाडी किंवा दुसरं कुत्रं आलं की ती मूठ धरून भुरीला चिकटून ठेवता येतं, ही मूठ नसलेली लीश घेऊच नका. शिलाईत चमकणारा धागा आहे, अंधारात गाडीच्या लाइटमध्ये उठून दिसतो. हुक दणकट आहे, दहा महिन्यात स्प्रिंग ढिली नाही.

इलॅस्टिकचा फायदा असा की तिने अचानक धाव घेतली तर झटका एकदम कमरेला बसत नाही, तिच्या अंगाला पण बसत नाही, हळू बसतो. हातात लीश असताना तोच झटका एका खांद्यावर येतो आणि चालताना एक हात हलतच नाही, अंग वाकडं चालतं. माझा उजवा खांदा आधीच नाजूक आहे त्यामुळे मला हा फरक पहिल्या आठवड्यातच जाणवला.

पण त्याच इलॅस्टिकचा एक तोटा आहे आणि तो मला दीड महिन्याने कळला. पिल्लू ओढतं, इलॅस्टिक ताणतं, पिल्लू अर्धा मीटर पुढे जातं. म्हणजे पिल्लाला काय शिकायला मिळालं? ओढलं की पुढे जाता येतं. आम्ही तिला नकळत ओढायला शिकवत होतो. मग बेल्ट तोच ठेवून त्याला साधी, न ताणणारी लीश लावली. ती ओढायला लागली की मी उभी राहायचे, लीश सैल झाली की चालायचं, मांडीजवळ आली की शाबासकी आणि एक ट्रीट, हात मोकळे असल्यामुळे ट्रीट वेळेवर देता येते, हे खरंच कामाचं आहे. तीन आठवडे आमचा चालायचा वेग म्हणजे कासवाचा होता पण नंतर सुधारलं. त्यामुळे बेल्ट आणि लीश वेगवेगळे होणारेच घ्या, काहींमध्ये लीश बेल्टला शिवून टाकलेली असते, ती पिल्लासाठी नको. आणि बटण दाबून लांब होणारी दोरी या बेल्टला कधीच लावू नका, ती लांब जाते आणि कुत्रं पूर्ण वेग घेऊन मग झटका देतं.

लीश गळपट्ट्याला नाही लावायची, हार्नेसला लावायची हे वेगळं सांगायला नको खरं तर, पण सांगते. गळ्यावर ओढ आली की श्वासनलिका दाबली जाते. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा येणारा हार्नेस घ्या, खांद्यावर आडवा पट्टा येणारा नको, त्यात पुढचा पाय मोकळा पडत नाही. पिल्लू वाढतं त्यामुळे दर पंधरा दिवसांनी पट्ट्याखाली दोन बोटं जातायत का बघायचं. आमचे तीन हार्नेस झाले.

आता तक्रार. रिंग बेल्टवर सगळीकडे सरकते, अगदी पाठीपर्यंत. भुरी सात महिन्यांची, वीस किलोची होती, डावीकडून मांजर पळालं, ही सुटली, रिंग सर्रकन माझ्या कुशीला गेली आणि मी आडवी फिरून गुडघ्यावर पडले. गुडघा सोलला, हाताला खरचटलं, तिला काही झालं नाही. पुढून ओढ आली असती तर मी मागे झुकून सावरले असते, पण बाजूच्या ओढीला माणूस सावरूच शकत नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी बेल्ट हातात घेऊन उलटसुलट बघितला. म्हणाल्या, “अगं, हिला अडसर नको का कुठेतरी?” आणि जुन्या बॅगेच्या पट्ट्याचे दोन तुकडे बेल्टवर दोन्ही बाजूंना जाड दोऱ्याने शिवून दिले. आता रिंग पुढच्या वीतभर जागेतच फिरते. दहा मिनिटांचं काम होतं, कंपनीने करायला हवं होतं, एक स्टार त्याचाच गेला.

दुसरं म्हणजे ओढ आली की बेल्ट वर सरकतो, कंबरेच्या बारीक जागेत जाऊन बसतो आणि ओढ थेट पाठीच्या खालच्या मणक्यावर येते. कॅनिक्रॉस नावाचा खेळ आहे, त्यात माणूस आणि कुत्रा एकमेकांना बांधून पळतात, युरोपात स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांच्या सरावातून तो आला. त्यांचा बेल्ट वेगळा असतो, रुंद, नितंबांवर बसणारा आणि मांड्यांतून पट्टे घेतलेले, म्हणजे तो वर चढत नाही आणि ओढ ओटीपोटाच्या हाडांवर येते. पुढे तुम्हाला खरंच लांब पळायचं असेल आणि कुत्रं पुढे राहून ओढणारं असेल तर तो घ्या, हा नको. शेजारी चालणाऱ्या कुत्र्यासाठी हा पुरतो.

खिशाची चेन सहा आठवड्यांत गेली. कस्टमर केअरने बरेच दिवस घेतले पण नवीन बेल्ट पाठवला, त्याची चेन पण तशीच हलकी वाटते म्हणून खिशात फक्त शीच्या पिशव्या ठेवते, घराची किल्ली नाही.

माझ्या पळण्याचं काय झालं ते सांगते. सकाळी आधी दहा पंधरा मिनिटं भुरीला घेऊन चालायचं, तिच्या गतीने, तिला प्रत्येक झाडाशी थांबायचं असतं तर थांबायचं. हुंगणं हे कुत्र्याचं पेपर वाचणं आहे, त्यात ती जेवढी दमते तेवढी चालून दमत नाही. वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं चालवायचं असा एक नियम बरेच जण सांगतात, त्यामागे पक्कं संशोधन नाही, पण अति करू नका याची आठवण म्हणून मी तो डोक्यात ठेवला, बाकी तिच्याकडे बघून ठरवलं. ती मागे राहायला लागली, बसायला लागली की घरी. माझं वॉर्मअप त्यातच होतं. दारात नवरा उभा, बेल्ट माझ्या कमरेवरून त्याच्या कमरेला, ती तशीच त्याच्यासोबत आणखी पाच मिनिटं घराभोवती, आणि मी पळायला. ती दारात ओरडणं बंद झालं कारण मी निघते तेव्हा ती दमलेली असते आणि कोणाची तरी सोबत असते. चार दिवस पळणं परत काही जमलं नाही, तीनच होतं, पण ते तीन पक्के आहेत. नवरा आधी व्यायामाला उभा राहायचा नाही, आता रोज अर्धा तास चालतो, संध्याकाळचा राउंड पूर्ण त्याचा.

लेकीला बेल्ट बांधून हवा होता. आम्ही ठाम नाही म्हटलं, आणि तुम्ही पण म्हणा. हातातली लीश मूल सोडून देऊ शकतं, कमरेची नाही. भुरी आता 24 किलोची आहे, मुलगी त्यापेक्षा फार जड नाही, भुरीने रस्त्याकडे ओढलं तर? लेक दुसरी हलकी लीश हातात धरते आणि मुख्य लीश माझ्या कमरेला, दोन लीश एकाच हार्नेसला. तिला सांगितलंय, ओढ आली की तू सोडून द्यायचं, मी आहे. चार वर्षांचा मुलगा पाण्याची बाटली आणि वाटी धरतो, ते त्याचं खातं.

आणि सासूबाई. त्यांना चालवत नाही फार, पण दुपारी खुर्चीत बसून भुरीला बस, थांब, पंजा दे, सोड हे सगळं त्यांनी शिकवलं. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, त्यापेक्षा जास्त नाही. बेल्ट खुर्चीच्या पाठीला बांधायचा आणि त्यात साधी लीश, म्हणजे ती त्यांच्या अंगावर उडी मारू शकत नाही आणि उठून धरायला लागत नाही. जड खुर्ची हवी मात्र, हलकी ओढून नेते. डोकं चालवून कुत्रं शांत झोपतं, आणि ती दुपारची झोप म्हणजे माझा संध्याकाळचा डंबेलचा तुकडा. हे गणित त्यांनी बसवलं, मी नाही.

ऊन असेल तर बाहेर नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांना थोडासा येतो, बाकी बरीचशी गरमी जीभ काढून धापा टाकून बाहेर पडते, आणि हवा दमट असेल तर तेही नीट होत नाही. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघायची, ठेवता आली नाही तर तिचे पंजे पण भाजतील. आपण वाऱ्यावर पळत असतो म्हणून आपल्याला कळत नाही, ती जमिनीपासून दीड फुटावर असते. चपट्या नाकाच्या जातींना तर पळवूच नका, त्यांना मुळातच श्वास कमी पडतो.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी पाय, खुबे सगळं तपासलं. भुरी आता साडेबारा महिन्यांची आहे. अजून सलग पळणं नाही म्हणाले, पण मातीवर एक मिनिट हळू जॉगिंग, दोन मिनिटं चालणं, असं एकूण पंधरा मिनिटं, आठवड्यातून दोनदा करायला हरकत नाही, मधे दिवस सोडून. तर आता इलॅस्टिकवाली लीश परत निघाली. साधी लीश म्हणजे चालायचं, इलॅस्टिक म्हणजे पळायचं हे तिला चार वेळांत कळलं, इलॅस्टिकचा हुक वाजला की शेपूट बघा. खाऊन झाल्यावर लगेच नाही न्यायची, आधी शू शी आणि हुंगणं करू द्यायचं. पहिल्या दिवशी ती माझ्या डाव्या बाजूला, कान मागे, लीश सैल, आणि वर माझ्या तोंडाकडे बघत पळाली तेव्हा मला रडू आलं. एकाच मिनिटाचं होतं ते. दहा महिने थांबलो होतो.

पाठीचं दुखणं असेल, गरोदर असाल, हाडं नाजूक असतील तर कमरेला कुत्रं बांधू नका. दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जाणारं किंवा घाबरून सुसाट सुटणारं कुत्रं असेल तर आधी ते सुधारा, हातातली लीशच बरी. कुत्र्याचं वजन तुमच्या निम्म्याच्या वर असेल आणि ते अजून ओढत असेल तर माझ्या मते अजिबात नको. बकल कुठे आहे ते डोळे मिटून सापडलं पाहिजे, मी घरी वीस वेळा एका हाताने उघडून बघितलं, पडल्यावर ओढली जात असेन तर तेच उघडायचंय.

बेल्ट आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात हाताने धुते आणि सावलीत वाळवते. लीशचं इलॅस्टिक मात्र जरा सैल पडलंय, काल मोजलं तर न ताणता 1.2 चं 1.28 मीटर भरलं, आणि मुठीपाशी दोन धागे निघालेत. भुरीचं वजन अजून वाढणार, म्हणून पुढच्या महिन्यात तेवढी लीश नवीन घेणार, जरा जाड इलॅस्टिकची. बेल्ट तोच ठेवणार, सासूबाईंच्या टाक्यांसकट.